पडवळची फरशी

“बाई, कुत्रं आत आणता येणार नाही,” दुकानाच्या दारातला माणूस म्हणाला.

“ह्याच्यासाठीच तर फरशी बघायला आलेय,” मी म्हटलं. “गिऱ्हाइकालाच बाहेर उभं करता होय?”

माझ्या खांद्याला शिवणाची मोठी कापडी पिशवी होती आणि तिच्यातून पडवळचं तोंड बाहेर आलेलं. पडवळ म्हणजे माझा डॅशहुंड कुत्रा. बोटभर पाय आणि हातभर अंग, म्हणून आईनं त्याचं नाव पडवळ ठेवलं. दुसरी पामेरियन, पांढरीशुभ्र, बत्ताशी. तिचंही बारसं आईनंच केलेलं. बत्ताशीला त्या दिवशी घरी ठेवली होती, नाहीतर मिरज रोडवरच्या त्या दुकानात तिनं भुंकून भुंकून नुसता गोंधळ घातला असता.

“अक्का, लोक हसतायत,” माझा धाकटा भाऊ विद्याधर दबक्या आवाजात म्हणाला.

“हसू देत. त्यांचे मणके शाबूत आहेत.”

विदू गप्प बसला. तो नेहमीच गप्प बसतो. लहानपणी आईची आणि माझी जुंपली की हा परसातल्या पेरूच्या झाडावर जाऊन बसायचा. साठीला आला तरी सवय गेली नव्हती, फक्त झाडावर चढता येत नव्हतं इतकंच.

भांडणाचं कारण फरशी होती. सांगलीला विश्रामबागेतलं आमचं घर बाबांनी बांधलेलं, चार खोल्यांचं, खाली शहाबादी फरशी. लग्न केलं नाही, त्यामुळं मी त्याच घरात राहिले. शाळेत मुलींना शिवण शिकवलं, आधी बाबांचं दुखणं काढलं, मग अंथरुणाला खिळलेल्या आईचं. आई गेली आणि विदू नोकरीतून मोकळा होऊन बायकोला, शैलजाला, घेऊन कायमचा घरी आला. मला बरंच वाटलं. एकटीला घर खायला उठत होतं. शैलजानं आल्या आल्या सांगितलं, ही फरशी बदलू या. शहाबादी काळवंडली होती, सांधे उखडले होते, कितीही पुसली तरी पुसल्यासारखी दिसायची नाही. तिचं काही चूक नव्हतं.

पण त्याच सुमारास पडवळनं पलंगावरून उडी मारली आणि मणका दुखावून घेतला. कितीतरी दिवस मागचे पाय फरफटत होता बिचारा. जनावरांचे डॉक्टर चौगुले म्हणाले होते, “ह्या जातीची पाठच नाजूक असते. ह्या वेळी वाचला. आता उड्या बंद आणि घसरणं बंद. परत एकदा दुखावला तर मागचे पाय गेले म्हणून समजा.” म्हणजे आता घरात कुठली फरशी पडते त्यावर पडवळ चालणार की नाही हे ठरणार होतं. मी शैलजाला दहादा सांगितलं होतं. ती “हो अक्का, हो अक्का” म्हणायची आणि वर्तमानपत्रातल्या चकचकीत फरश्यांच्या जाहिराती कापून ठेवायची. म्हणून मी पडवळलाच पिशवीत घालून आणलं.

दुकानाचे मालक आले. गलेलठ्ठ, हसतमुख माणूस. त्यांच्याकडंही घरी कुत्रं होतं, त्यामुळं त्यांना राग आला नाही. “ठेवा बाई खाली. बघू या तरी काय म्हणतो ते.”

मी पडवळला पांढऱ्या, आरशासारख्या फरशीवर ठेवलं. चारी पाय चार दिशांना गेले आणि पोट खाली टेकलं. तसाच पसरून तो माझ्याकडं बघत राहिला. दुकानातली माणसं खो खो हसली. मला काही हसू आलं नाही. मग लाकडासारखी दिसणारी होती तिच्यावर ठेवलं. तिथं उभा राहिला पण चार पावलं टाकली आणि मागचा भाग घसरला. मग मालकांनी कोपऱ्यातून एक राखाडी, हाताला खरखर लागणारी फरशी काढून आणली. तिच्यावर पडवळ सरळ चालत गेला, वळला, परत आला आणि विदूच्या बुटाचा वास घेतला.

“ही बघा. पसंत पडली गिऱ्हाइकाला,” मालक म्हणाले.

“म्हातारपणी मुतला तर डाग राहील का?”

“अजिबात नाही. बाथरूमला, अंगणाला हीच तर जाते.”

“बाथरूमला जाते,” शैलजा हळूच म्हणाली. ती अजून त्या पांढऱ्या फरशीपाशीच उभी होती. वाकून तिनं तिच्यावरून हात फिरवला. “ह्याच्यात तोंड दिसतं हो.”

“तोंड बघायला आरसा आहे की आपल्याकडं,” मी म्हटलं.

ती हसली. नाही म्हणायला हसली. विदूनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मालकांना म्हणाला, “ती खरखरीतच द्या.” माझ्या देखत म्हणाला. पडवळला पिशवीत भरून मी रिक्षात बसले तेव्हा मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कशाची सुटतेय. रेवाप्पा मिस्त्री घर बघायला आला आणि म्हणाला, जुनी फरशी खणून काढावी लागेल. शैलजाचा चेहराच उतरला. “खणायचं? वास्तुशांत झालेलं घर आहे. खाली वास्तुपुरुष पुरलेला असेल ना?”

असणारच. बाबांनी यथासांग वास्तुशांत केलेली. वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा आग्नेयेच्या कोपऱ्यात फरशीखाली पालथी पुरतात, तशी आमच्याकडंही पुरली होती. आग्नेयेचा कोपरा म्हणजे आमचं जुनं स्वयंपाकघर, आणि जुनं स्वयंपाकघर म्हणजे माझी खोली. ओट्यापाशी आईला उभं राहवेना तेव्हा मी स्वयंपाक मधल्या खोलीत हलवला आणि मागं माझा पलंग टाकला. शैलजानं गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणाले, खणू नका, खणलंत तर पुन्हा शांत करावी लागेल. आणि आग्नेयेला तर हात लावू नका, उगीच त्याच्या पाठीवर ओझं नको. रेवाप्पानं तोडगा काढला. “जुन्या फरशीवरच नवी बसवतो. कुठं खणायला नको, काही नको.”

वास्तुपुरुषाच्या पाठीची काळजी घरात सगळ्यांना होती. मी मात्र पडवळच्या पाठीचं ठरलंय ह्या समाधानात होते.

घरात काम, सिमेंटची धूळ, माणसांची ये-जा. कुत्र्यांना घेऊन मी मिरजेला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडं, मालतीकडं, राहायला गेले. विदू मधून मधून फोन करायचा. “झकास चाललंय काम. तू काळजी करू नकोस.” खरखरीत बसवली ना, असं मी एकदा विचारलं. “तू ये तर,” तो म्हणाला, “बघशीलच.” मला वाटलं, आनंदानं बोलतोय.

परत आले आणि उंबऱ्यातच थबकले. एका काखेत पडवळ, दुसऱ्या हातात बत्ताशीची साखळी. पुढची खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी लखलखत होती. छताचा पंखा खाली फिरताना दिसत होता. बत्ताशी उत्साहानं आत पळाली, सरकत गेली ती थेट शोकेसवर जाऊन आपटली.

“कशी झालीय?” विदूनं विचारलं.

“पांढरी आहे,” मी म्हटलं.

“तू आधी तुझी खोली बघ. चल चल.” त्यानं माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली. स्वयंपाकघरातून मागं गेलो. माझ्या खोलीच्या दाराशी पांढरी फरशी संपली होती आणि तिथं चार बोटांची पायरी तयार झाली होती. पायरीखाली माझी जुनी शहाबादी, जशीच्या तशी. “तुझ्या खोलीला हातसुद्धा लावू दिला नाही! गुरुजींचं पण झालं आणि तुझ्या कुत्र्यांचं पण झालं. त्यांना हीच फरशी सवयीची, खरखरीत. उगीच सगळ्या घरभर कशाला ती बाथरूमची फरशी?”

“विदू, आपण ती घेतली होती. तू सांगितलंस त्या माणसाला.”

विदू खिडकीकडं बघायला लागला.

“त्यांना बोलू नका अक्का,” शैलजा दारात येऊन म्हणाली. हात पदराला पुसत होती. “मीच दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणली. सांगणार होते तुम्हाला, पण धीर झाला नाही. लग्न झाल्यापासून सरकारी क्वार्टरमध्ये काढलं मी. दर तीन-चार वर्षांनी बदली. जाईन तिथं खाली सिमेंटचा कोबा, पोपडे निघालेला. घरी कुणी यायचं म्हटलं की आधी चटया टाकायच्या, खालचं दिसू नये म्हणून. एकदा तरी आपल्या घरात अशी फरशी असावी एवढंच होतं हो मनात. तुमच्या पडवळचं वाईट व्हावं असं माझ्या मनातसुद्धा नाही. त्याला त्याची जागा ठेवलीय ना?”

आरडाओरडा करणारी असती तर मी दोन तडाखे दिले असते. ती रडवेली होऊन उभी. आणि मी खरंच दमले होते. आईच्या आजारपणापासून साचलेला तो थकवा होता, मालतीकडं झोपून काही गेला नव्हता. “जरा पडते मी,” म्हटलं आणि पायरी उतरले.

मग तसंच सुरू झालं. पडवळला पायरी चढता यायची नाही. उतरताना त्यानं उडी मारली असती, म्हणून दारात मी आडवा पाट लावून ठेवला. बाहेर न्यायचं तर त्याला उचलायचं, पायरी चढायची, स्वयंपाकघर आणि पुढची खोली पार करून अंगणात सोडायचं, पुन्हा उचलून आणायचं. नऊ किलोचं जनावर आणि माझे गुडघे हे असे. चकचकीत फरशीवर मीही भिंत धरूनच चालायची. बत्ताशी दोनदा घसरून पडली तेव्हा तीही शहाणी झाली आणि पाटाच्या अलीकडंच बसायला लागली. दोघं पाटावर हनुवट्या टेकून बाहेर बघत बसायची. पुढच्या जाळीच्या दाराशी बसून भाजीवाल्याची वाट बघणं हा पडवळचा रोजचा उद्योग होता. आता भाजीवाला ओरडला की तो आतूनच भुंकायचा, आणि भाजीवाला विचारायचा, “कुठं गेलं हो तुमचं लांबडं?”

सकाळी शैलजा फरशी पुसायची. मनापासून पुसायची, दोनदा, भरपूर पाणी घेऊन. पाणी उताराला येणार, ते माझ्याकडं यायचं. पायरीवरून ओघळून शहाबादीच्या सांध्यांत मुरायचं. मग मी एक जुनं लुगडं दाराशी गुंडाळून ठेवलं.

हळूहळू मीही बाहेर जाईनाशी झाले. तिकडं गेलं की ही दोघं कुंई कुंई करायची. मग चहा आत. वर्तमानपत्र विदू वाचून झालं की आत आणून द्यायचा. शैलजानं तर कमालच केली, गरम पोळी वाढून ताटसुद्धा आत आणायला लागली. “बसा अक्का, तुम्ही कशाला उठताय?” इतक्या प्रेमानं म्हणायची की मला तिचा रागही धड येत नव्हता. शाळेतल्या जुन्या बायका भेटायला आल्या की शैलजा म्हणायची, “अक्का आत आहेत.” मी कायमची आतच होते.

नव्या फरशीनंतर पूजा घालायची ठरली. सत्यनारायण. शैलजाकडची कराडची माणसं, विदूचे ऑफिसातले, कॉलनीतली चार घरं. पंगत खालीच बसणार म्हणून विदूनं माळ्यावरून बाबांच्या वेळच्या मोठ्या सतरंज्या काढल्या. भजनाला अंथरायच्या त्या, निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या, वजनाला अशा जड की एकट्या माणसानं उचलू नयेत. पुढची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत झाकली गेली. शैलजा जरा हिरमुसली. “निदान दारापाशी थोडी दिसू द्या,” म्हणाली. दारापाशी हातभर फरशी उघडी ठेवली.

पूजेला मी बाहेर बसले. आरती झाली, तीर्थप्रसाद घेतला आणि आत आले, कारण बत्ताशीनं माणसांच्या आवाजानं आतून दार ओरबाडायला सुरुवात केली होती. शैलजानं माझं ताट आत पाठवलं. मसालेभात, जिलबी, सगळं नीट वाढलेलं. पलंगावर बसून मी जेवत होते. बाहेर पंगतीत बोलणं चाललेलं, दार अर्धवट उघडं.

“काय चकाचक झालंय हो घर!” कराडच्या कुणी एक बाई बोलत होत्या. “आणि मागच्या खोलीत कोण असतं? भाडेकरू ठेवलाय का?”

“छे छे,” विदू हसत म्हणाला. “आमची अक्का. तिची खोली आहे ती. कुत्री आहेत ना, तिला तिथंच बरं पडतं.”

हातातला घास हातात राहिला. विदू वाईट बोलला नव्हता. उलट मायेनंच बोलला होता. त्या घरात मी जन्माची राहिले होते, एकेका खिळ्याला ठाऊक होते, आणि आता घर त्याचं झालं होतं आणि माझी खोली उरली होती. कुणी काढून घेतलं नव्हतं. मीच रोज थोडं थोडं आत आले होते, कुत्र्यांच्या मागून.

मी ताट बाजूला ठेवलं. हात धुतले. दारातला पाट काढला. पडवळला उचललं, पायरी चढले, स्वयंपाकघर भिंत धरून ओलांडलं आणि पुढच्या खोलीत येऊन त्याला सतरंजीवर ठेवलं.

तो एक क्षण तसाच उभा राहिला. एक पाय उचलून पुन्हा टेकवला. घसरलं नाही. दुसरा टेकवला. मग शेपूट ताठ करून दोन्ही पंगतींच्या मधून, पत्रावळींकडं ढुंकूनही न बघता, तो सरळ चालत गेला आणि सतरंजीच्या कडेला, जाळीच्या दारासमोर, जाऊन बसला. त्याच्या मागून बत्ताशी. कराडच्या बाईंनी घाईघाईनं शालूचा काठ आवरला.

“अक्का!” शैलजा ओरडली. “पंगत बसलीय!”

“बसू दे की. मीही बसते.” मी पंगतीच्या टोकाला जाऊन बसले आणि त्या बाईंना म्हटलं, “मी भाडेकरू नाही हो. मी ह्याच घरातली. तुमच्याखाली सतरंजी, तिच्याखाली ही पांढरी फरशी, आणि तिच्याखाली जी आहे ना, ती माझ्या वडिलांनी घातली तेव्हा आठवडाभर पाणी मी मारलंय तिच्यावर.”

बाई गोरीमोरी झाली. विदूनं मान खाली घातली. वाढपी जिलबी घेऊन आला तेव्हा मी दोन मागून घेतल्या. भूक नव्हती, पण मागून घेतल्या.

माणसं पांगली, भांडी आत गेली. शैलजा एका टोकाकडून सतरंजी गुंडाळायला लागली. पडवळ दाराशी तसाच बसलेला होता. गुंडाळी त्याच्यापर्यंत यायच्या आत मी उठून मधोमध उभी राहिले.

“राहू दे ती,” मी म्हटलं.

“पूजा झाली ना अक्का.”

“पूजा झाली. आम्ही राहतोय अजून.”

शैलजा सरळ उभी राहिली. “म्हणजे कायमची? अहो, एवढी फरशी घातली ती झाकून ठेवायला? जन्मभर चटया टाकल्या मी. आता आपल्या घरात पण चटयाच टाकू?”

“तुझं खरं आहे,” मी म्हटलं. “सगळं खरं आहे. पण पडवळ घसरला तर त्याचे पाय जातील, आणि तो घसरू नये म्हणून मी आत बसले तर माझं घर जाईल. मला दोन्ही नको आहे. मी फार दमलेय ग शैलजा. मला नुसतं माझ्या घरात इकडून तिकडं चालू दे.”

“विदू, तू बोल,” मी म्हटलं आणि त्याच दमात शैलजाही म्हणाली, “अहो, तुम्ही बोला.”

विदू आमच्या दोघींकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा हळूच अंगणात सटकणार. पण तो सोफ्यापाशी गेला. पंगतीसाठी भिंतीला सरकवलेला जड सागवानी सोफा. त्यानं एक बाजू दोन्ही हातांनी उचलली, दम लागून त्याचा चेहरा लाल झाला. “सतरंजीची कड ओढ,” तो म्हणाला, “पायाखाली घेऊ. नाहीतर सरकेल ती.”

शैलजा जागची हलली नाही. कड मी ओढली. त्यानं सोफा सतरंजीवर ठेवला, मग दुसरी बाजू, मग शोकेस. शैलजा स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ नळ नुसता वाहत राहिल्याचा आवाज येत होता. मला फार वाईट वाटलं. पण मी माघार घेतली नाही.

दोन दिवसांनी रेवाप्पाला बोलावून विदूनं माझ्या दारातल्या पायरीला सिमेंटचा उतार करून घेतला. स्वयंपाकघरात पायपुसण्यांची रांग आली. पडवळ आपल्या पायांनी पुढच्या दारापर्यंत यायला लागला आणि भाजीवाल्याला त्याचं लांबडं पुन्हा दिसायला लागलं. मी चहा बाहेर बसून प्यायला लागले. शैलजा दोनेक महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. दुपारी सगळे झोपले की ती सतरंजीचा एक कोपरा उलटा करायची, तेवढी पांढरी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, जरा वेळ बघत बसायची आणि पुन्हा झाकायची. मी खोलीतून बघायची आणि झोपेचं सोंग घ्यायची. पुढं पुढं आमचं बोलणं पहिल्यासारखं झालं, पण त्याबद्दल दोघीही कधी बोललो नाही.

पडवळ म्हातारा होऊन गेला. शेवटच्या दिवसापर्यंत चारी पायांवर होता. बत्ताशी त्याच्यानंतर थोडेच दिवस राहिली. तिला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विदूला सोफा उचलायला सांगितला आणि सतरंजी गुंडाळून भिंतीला लावली. इतक्या वर्षांत फरशीला एक चरासुद्धा पडला नव्हता. जशी आली होती तशी.

“घे,” मी शैलजाला म्हटलं. “आता बघ पोटभर.”

तिनं फडकं आणलं, सगळी खोली पुसली. पंखा सुरू केला. खाली फिरणाऱ्या पंख्याकडं ती बघत राहिली. खरंच सुंदर दिसत होती फरशी, मला कबूल करायला हरकत नाही. मी पाणी प्यायला उठले. भिंतीला हात लावून, एकेक पाऊल टेकत स्वयंपाकघराकडं निघाले. जुने गुडघे, ओली फरशी, चालायला वेळ लागतोच. मागं फडकं थांबल्याचं मला जाणवलं.

“थांबा अक्का. आहात तिथंच थांबा,” शैलजा म्हणाली.

वळून बघितलं तर ती भिंतीची सतरंजी ओढून खाली आडवी करत होती. एकटीला झेपत नव्हती.

“अगं, आता कशाला?” मी म्हटलं. “कुत्री कुठायत आता घरात?”

“तुम्ही आहात ना,” ती म्हणाली. “धरा ती कड.”

मी कड धरली.